रस्त्यावर बसलेला रातवा नेमका कुठला, भारतीय की जंगली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पानझडी जंगलाच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, अंधार पडल्यावर गाडीच्या उजेडात एक रातवा (नाइटजार, रात्री उडते किडे पकडणारा पक्षी) बसलेला दिसला. दोन फोटो मिळालेत, एक बसलेला असतानाचा आणि एक उडताना, तो जरा हललेला आहे. एका मित्राचं म्हणणं की जमिनीवर बसलाय म्हणजे भारतीय रातवा, दुसऱ्याचं म्हणणं की जंगल आहे आणि रंग गडद आहे म्हणजे जंगली रातवा. शिवाय त्याच जागी दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाइलवर एक आवाज रेकॉर्ड झालाय, तो याच पक्ष्याचा धरायचा का, आणि थोडं पुढे गाडीखाली आलेला एक रातवा पडला होता, त्याच्यावरून काही कळलं असतं का, असंही विचारलंय.

दोन्ही मित्रांची कारणं आधी बाजूला ठेवा. त्यातला एकजण बरोबर निघेलही, पण कारण चुकीचं असलं की पुढच्या वेळी तेच कारण आपल्याला फसवतं, आणि रातव्यांच्या बाबतीत तर हमखास फसवतं. रस्त्यावर सगळेच रातवे बसतात. दिवसभर तापलेली जमीन, वर मोकळं आकाश, आजूबाजूला पतंग आणि भुंगेरे उडतायत, बसल्या जागेवरून वर झेप घ्यायची, किडा तोंडात घ्यायचा आणि परत खाली यायचं, ही पद्धत भारतीय रातव्याची आहे तशीच जंगली रातव्याचीही आहे. जंगली रातवा झाडावर जास्त बसतो, फांदीच्या लांबीला समांतर चिकटून बसतो आणि बऱ्याचदा झाडावरूनच ओरडतो हे खरं, पण तो पाचोळ्यात जमिनीवरही दिवस काढतो आणि रात्री रस्त्यावरही उतरतो. म्हणजे फांदीवर लांबीला समांतर बसलेला दिसला तर जंगली रातव्याकडे मन झुकायला हरकत नाही, जमिनीवर बसलेला दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

जागेचंही तसंच आहे. भारतीय रातवा उघड्या, कोरड्या जागेतला, झुडपी माळ, शेताचे बांध, पडीक जमीन, गावाच्या कडेच्या बागा असलं त्याला आवडतं. जंगली रातवा झाडी असलेल्या डोंगरउतारांवरचा, पानझडी आणि दाट जंगलातला. इथपर्यंत सरळ आहे. पण तुम्ही ज्याला जंगलाची कड म्हणताय तिथे एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला शेत किंवा माळ असतो, आणि अशा जागी दोघंही असू शकतात, एकाच संध्याकाळी, एकाच रस्त्यावर. त्यामुळे जागेवरून शक्यता कमी-जास्त करायची, आयडी पक्का करायचा नाही.

आणि रंग. रातव्याच्या फोटोत रंगावर विश्वास ठेवू नका असं मी नवीन लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. हेडलाइट पिवळा असेल तर पक्षी तांबूस येतो, पांढरा एलईडी टॉर्च असेल तर तोच पक्षी राखाडी येतो, फ्लॅश जवळून पडला तर फिकट होतो, आणि कॅमेऱ्याने एक्सपोजर खाली खेचलं की गडद. लाल मातीवर बसलेला असेल तर खालून परत येणारा उजेडसुद्धा पोटाला लालसर करतो. डोळे लालभडक चमकले असतील तर तेही कुठल्याच कामाचे नाहीत, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून उजेड परत फिरतो म्हणून ते चमकतात आणि सगळ्याच रातव्यांचे चमकतात. चोचीभोवतीच्या ताठ मिशा, तो प्रचंड मोठा जबडा, मधल्या बोटाच्या नखावरचे कंगव्यासारखे दाते, हे सगळं बघायला फार सुंदर आहे, पण रातवा आहे एवढंच त्यातून कळतं.

मग बघायचं काय? मी याचा विचार असा करतो. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर साधारण दोन अंडी घालतो आणि दिवसभर त्यांच्यावर न हलता बसून राहतो. त्याच्या अंगावरची बहुतेक नक्षी लपण्यासाठी आहे, आणि दोन जाती जर सारख्याच पाचोळ्यात, सारख्याच दगडमातीत लपत असतील तर नक्षी सारखी होणारच. पण पक्ष्यांना एकमेकांना शोधायचं असतं, जोडीदार ओळखायचा असतो, दुसऱ्या नराला हद्द सांगायची असते. ते काम आवाज करतो, आणि पंख-शेपटीतले पांढरे डाग करतात, जे बसल्यावर झाकलेले असतात आणि उडताना उघडे पडतात. म्हणून रातवे स्वतः जे एकमेकांना दाखवतात तेच आपणही आधी बघायचं, आणि जे लपवण्यासाठी आहे ते नंतर, चांगला फोटो असेल तरच.

आवाजापासून सुरू करतो कारण ह्या जोडीत सगळ्यात खात्रीचं तेच आहे.

भारतीय रातव्याचा कॉल एकदा डोक्यात बसला की विसरत नाही. चक्... चक्... चक्, चक्, चक्-चक्-चक्चकरर्र. टेबल टेनिसचा बॉल फरशीवर सोडला की सुरुवातीच्या टप्प्यांत अंतर असतं आणि मग टप्पे जवळ जवळ येत शेवटी नुसती थरथर उरते, अगदी तसा. सुरुवात ठळक, मधे वेग वाढतो, शेवट घसरत विरून जातो. सगळा कॉल काही सेकंदांत आटोपतो, मग थोडी शांतता, मग परत पहिल्यापासून. कुठल्याही रातव्याच्या आवाजात असा वेग वाढत जाताना ऐकू आला की आपल्याकडे तो भारतीय रातवा समजायला हरकत नाही.

जंगली रातव्याचा कॉल दोन अक्षरी असतो, चकू-चकू-चकू-चकू, किंवा काहींना ठकू-ठकू असा ऐकू येतो. सेकंदाला दोन-तीन अशा ठरलेल्या लयीत, आणि ही लय पहिल्या चकूपासून शेवटच्या चकूपर्यंत बदलत नाही. दहा-पंधरा सेकंद सलग चालतं आणि मग एकदम बंद. दुसराही एक कॉल आहे, उक्-क्रुक्रू अशा धाटणीचा, तो तिन्हीसांजेला आणि पहाटे ऐकू येतो. तो लक्षात नाही राहिला तरी चालेल, चकू-चकूची न बदलणारी लय मात्र लक्षात ठेवा.

आता यात एक अडचण येते आणि तिथेच बरेच रेकॉर्ड चुकतात. भारतीय रातवा लांब असेल तर त्याच्या कॉलचा शेवटचा विरत जाणारा भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही, फक्त पुढचे चार-पाच ठळक चक् ऐकू येतात, आणि ते एका लयीत आहेत असं वाटतं. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये तर ते जास्तच होतं, त्यात रातकिडे असतात, वारा असतो, आणि आपण आवाज आला की घाईघाईने बटण दाबतो म्हणजे पहिला कॉल अर्धाच येतो. त्यासाठी उपाय साधा आहे, एकाच कॉलवर निर्णय देऊ नका, किमान दोन-तीन मिनिटं सलग रेकॉर्ड करा, मधली शांतताही येऊ द्या. किती वेळ ओरडला, किती वेळ गप्प बसला आणि शेवटी वेग वाढला का नाही, हे तिन्ही एकत्र मिळालं की शंका राहत नाही. आणि प्रत्येक ठोका एक अक्षरी आहे की दोन अक्षरी, हे हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर ते नीट कळत नाही.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं ॲप वापरत असाल तर जरूर वापरा, मीही वापरतो, पण त्याने दाखवलेलं नाव ही सूचना समजा. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर दोन्ही जातींची रेकॉर्डिंग्ज आहेत, तुमचं रेकॉर्डिंग आणि ती आलटून पालटून ऐका. तिथेही एक काळजी घ्या. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या नोंदींत जंगली रातवा आणि हिमालयातला-पूर्वेकडचा करडा रातवा ही एकच जात धरलेली होती, आता त्या वेगळ्या धरतात. करड्या रातव्याचा आवाज वेगळा आहे, चक्-चक्-चक् असा भराभर ठोकल्यागत एक अक्षरी, आणि जुन्या वर्णनांत हे दोन्ही आवाज एकाच पक्ष्याच्या नावावर लिहिलेले सापडतात. त्यामुळे रेकॉर्डिंग कुठल्या भागातलं आहे हे बघूनच तुलना करा. द्वीपकल्पीय भारतातला असेल तर जंगली, हिमालयातला असेल तर करडा.

ओरडण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंतचा, वीण त्याच सुमारास असते, भारतीय रातव्याची तर त्यापुढेही चालते. चांदणं असेल त्या रात्री जास्त ऐकू येतात. हिवाळ्यात बरेचदा तास-तास काहीच ऐकू येत नाही, आणि मग नजरेवर यावं लागतं.

नजरेने बघताना पहिली गोष्ट शेपटी. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल पण उडताना शेपटी पसरते तो क्षण सोडू नका. भारतीय रातव्याच्या शेपटीत प्रत्येक बाजूच्या बाहेरच्या दोन पिसांची टोकं पांढरी असतात. म्हणजे पसरलेल्या शेपटीच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरे ठिपके, मधला सगळा भाग गडद, आणि हा पांढरा रंग पिसाच्या टोकापर्यंत गेलेला. जंगली रातव्याच्या नरात मधली जोडी सोडली तर दोन्ही बाजूंच्या चारही पिसांवर पांढरं असतं, आणि ते अगदी टोकाला नसून टोकाच्या थोडं आधी असतं, त्याच्याखाली गडद काठ राहतो. त्यामुळे शेपटी पूर्ण उघडली की पांढऱ्याची जवळजवळ सलग ओळ दिसते, फक्त मधे तुटलेली. मादीच्या शेपटीत मात्र पांढरं नसतं. हा फरक समजून घेतला तर हललेला फोटोसुद्धा कामाचा ठरतो, कारण पांढरं किती रुंद आहे आणि कोपऱ्यातच आहे का आडवं पसरलंय हे धूसर फोटोतही कळतं.

शेपटी मिटलेली असेल तर वरून मधली दोन पिसंच दिसतात, बाहेरची त्यांच्याखाली जातात, तेव्हा बसलेल्या पक्ष्यात पांढरं दिसलं नाही म्हणजे ते नाहीच असं समजू नका. पक्षी उतरताना ब्रेक मारतो तेव्हा शेपटी सगळ्यात जास्त उघडते, म्हणून उडाला की कॅमेरा खाली न घेता तो परत बसेपर्यंत बर्स्ट (सलग फोटो घेणं) चालू ठेवा. बरेच जण उडण्याचा फोटो घेतात आणि उतरण्याचा सोडतात.

पंखावरचा डाग दुसरा. पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांवर एक ठळक पट्टा असतो. भारतीय रातव्यात तो नर-मादी दोघांतही पांढरा, मादीत थोडा लहान किंवा किंचित पिवळट असू शकतो. जंगली रातव्याच्या नरात पांढरा, मादीत बदामी-तांबूस. म्हणजे पंखावर पांढरा डाग दिसला एवढ्यावरून काही ठरत नाही, पण डाग बदामी आहे आणि शेपटीतही पांढरं अजिबात नाही अशी जोडी दिसली तर भारतीय रातवा मागे पडतो आणि जंगली रातव्याची मादी पुढे येते. पुढे येते एवढंच म्हणतोय कारण सव्हाना रातव्याच्या मादीतही अशीच जोडी असते, त्यावर खाली येतोच.

आता बसलेल्या पक्ष्याची नक्षी. फोटो शार्प असेल, फ्लॅशने जळलेला नसेल, तर चार जागा बघा, याच क्रमाने.

खांदे सगळ्यात आधी. बसलेल्या रातव्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी पंखावर उतरणारी पिसं असतात, स्कॅप्युलर म्हणतात ती. भारतीय रातव्यात ह्या प्रत्येक पिसाच्या मधे काळा ठसठशीत भाग आणि बाहेरून रुंद पिवळसर-बदामी किनार असते, इतकी स्वच्छ की लांबून खांद्यावर फिकट रेघांची एक ओळ उतरल्याचं दिसतं. जंगली रातव्यात काळे डाग असतात पण ती रुंद फिकट किनार नसते, त्यामुळे खांदा आजूबाजूच्या पिसांत मिसळून जातो आणि ओळ काही उठून दिसत नाही. माझ्या मते बसलेल्या पक्ष्यात हीच खूण सगळ्यात भरवशाची, कारण ती रंगछटेवर अवलंबून नाही. फोटो पिवळा पडो की निळा, फिकट किनार आहे का नाही हे कळतंच. शंका असेल तर फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, रंग गेला की नक्षीतला फरक जास्त नीट दिसतो.

नंतर मानेची मागची बाजू. भारतीय रातव्याला मानेमागे तांबूस-बदामी कॉलर असते, राखाडी डोकं आणि राखाडी पाठ यांच्या मधे ती वेगळी उठते. जंगली रातव्यात अशी ठळक कॉलर नसते. पण पक्षी आपल्याकडे तोंड करून बसला असेल किंवा मान आखडून बसला असेल तर कॉलर झाकली जाते, म्हणून कॉलर दिसली तर पुरावा, नाही दिसली तर काहीच नाही.

मग डोकं. दोघांच्याही माथ्यावर काळ्या रेघा आहेत आणि त्यामुळे इथे घोळ होतो. भारतीय रातव्यात माथा फिकट राखाडी आणि त्याच्या मध्यावर काळ्या रेघा सुट्या-सुट्या, कडा स्वच्छ. जंगली रातव्यात रेघा जाड आणि आजूबाजूचा भागही गडद, त्यामुळे सगळा माथाच काळपट दिसतो. समोरासमोर ठेवले तर फरक कळतो, एकटा फोटो असेल तर सवय नसलेल्याला कळत नाही, म्हणून मी हा तिसऱ्या नंबरवर ठेवतो.

चौथं, शेपटीची वरची दोन पिसं. भारतीय रातव्यात ती बरीच साधी, राखाडी, आडव्या रेघा बारीक आणि कमी. जंगली रातव्यात काळे आडवे पट्टे रुंद आणि ठळक. मागून घेतलेला फोटो असेल तर ही खूण फार उपयोगी पडते आणि लोक तिकडे बघतच नाहीत.

गळ्यावरचे पांढरे डाग मी मुद्दाम यादीत घेतलेले नाहीत. ते दोघांतही असतात, पक्षी मान कशी धरतो त्यावर लहान-मोठे दिसतात, आणि समोरून घेतलेल्या फोटोत तेवढंच ठळक दिसतं म्हणून लोक त्यावरच अडकतात.

आकाराबद्दल सगळेच विचारतात. भारतीय रातवा साधारण २४ सेंटिमीटर, जंगली रातवा २८-३० च्या आसपास आणि कधी थोडा जास्तही. कागदावर फरक मोठा आहे, पण रात्री रस्त्यावर एकटा बसलेला पक्षी किती लांब आहे हे कुणालाही नीट सांगता येत नाही, कारण शेजारी मापाला काही नसतं. त्यापेक्षा ठेवण बघा. भारतीय रातवा आखूड, डोकं मोठं आणि शेपटी छोटी असा दिसतो. जंगली रातवा लांबट, भरदार, उडताना पंख लांब आणि शेपटीही लांब. उडताना हा फरक बसलेल्यापेक्षा चांगला जाणवतो, पण तो डोळ्याला सवय झाल्यावरच, आणि सवय व्हायला दोघंही व्यवस्थित बघितलेले असावे लागतात.

आता बाकीचे संशयित. दोघांत निवडताना तिसरा विसरला जातो, म्हणून थोडक्यात.

सव्हाना रातवा हा माळरानावर आणि खडकाळ उतारांवर भारतीय रातव्याच्या बरोबरीने असतो. आकार जवळपास तेवढाच, २५ सेंटिमीटर, पण माथ्यावर आणि पाठीवर ठळक रेघा नसतात, सगळं बारीक नक्षीने भरलेलं आणि साधं दिसतं. नराच्या शेपटीची बाहेरची पिसं जवळजवळ पूर्ण पांढरी, कोपरा नव्हे तर अख्खी कड. आवाज एकदम वेगळा, तीक्ष्ण "ढीट" किंवा "च्वीप", आणि बरेचदा उडता उडता देतो. मादीच्या शेपटीत पांढरं नाही आणि पंखावरचा डाग बदामी, म्हणजे जंगली रातव्याच्या मादीशी गोंधळ होऊ शकतो, तिथे माथा बघायचा, काळपट जाड रेघा असतील तर जंगली, साधा असेल तर सव्हाना.

साईक्सचा रातवा लहान, फिकट, वाळूच्या रंगाकडे झुकलेला. कर्नल साईक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं वर्णन केलं, पण त्याची वीण वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात होते आणि हिवाळ्यात तो खाली येतो. त्यामुळे हिवाळ्यात अगदी फिकट रातवा दिसला तर त्याला भारतीय म्हणून घाईने लिहू नका, खांद्याचा फोटो नीट ठेवा. लांब शेपटीचा रातवा ३३ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि "चाँक, चाँक" असा सावकाश ठोके दिल्यागत ओरडतो. जेर्डनचा रातवा दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत. तुमच्या जागेपुरता विचार करायचा तर भारतीय, जंगली आणि सव्हाना हे तीनच डोक्यात ठेवले तरी पुरे.

तुमच्या फोटोंवर येतो. बसलेल्या फोटोत पक्षी बाजूने दिसतोय, डोक्यावर फ्लॅश पडून माथा पांढरा झालाय म्हणून माथ्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण खांद्यावरच्या पिसांची रुंद बदामी किनार स्वच्छ आहे, एकाखाली एक अशी उतरलेली, आणि मानेमागे तांबूस पट्ट्याचा थोडा भाग दिसतोय. उडतानाच्या फोटोत शेपटी अर्धवट उघडी आहे आणि पांढरं फक्त कोपऱ्यात, टोकापर्यंत गेलेलं. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जातायत. हा भारतीय रातवा आहे, मला यात शंका नाही. गडद दिसतोय तो कॅमेऱ्याने एक्सपोजर खाली घेतल्यामुळे, मागची माती बघा, तीही काळी आलीय.

रेकॉर्डिंग मात्र जंगली रातव्याचं आहे. चकू-चकू दोन अक्षरी, बारा-तेरा सेकंद सलग, वेग कुठेही वाढत नाही आणि शेवटी एकदम थांबतं, आणि हे तीनदा आलंय, त्यामुळे कॉल अर्धवट आला असेल हा प्रश्नच नाही. म्हणजे त्या रस्त्यावर दोघंही आहेत. पाहिलेला पक्षी आणि ऐकलेला पक्षी एकच असं आपण सहज धरतो, आणि जंगलाच्या कडेला तर असं मुळीच धरू नये. दोन वेगळ्या नोंदी करा, एकीला फोटो जोडा, दुसरीला आवाज, वेळही दोघांची वेगळी लिहा. दोघांची एकत्र नोंद, पुराव्यासकट, ही खरंच चांगली नोंद आहे. दोघांचंही शास्त्रीय वर्णन इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथमने १७९० मध्ये केलंय, आणि तरीसुद्धा कुठल्या गावाच्या शिवारात कुठला रातवा कधी ओरडतो याच्या नीट नोंदी अजूनही हव्याच आहेत.

ज्या वेळी खुणा जमणार नाहीत त्या वेळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर "रातवा, जात अनिश्चित" असा पर्याय असतो तो वापरा. नुसता उजेडात उडून गेलेला पक्षी, ना शेपटी दिसली ना आवाज आला, त्याला नाव देण्याचा हट्ट करू नका, कारण एकदा चुकीचं नाव यादीत गेलं की पुढचे दहा जण त्या जागी तोच शोधायला येतात आणि तोच दिसल्याचं लिहितात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आवाजावरून ओळख पटते म्हटल्यावर लोक स्पीकरवर कॉल वाजवून पक्षी जवळ बोलावतात. वीण चालू असताना हे करू नका. नर हद्द राखायला धावून येतो, परत परत येतो, आणि त्याचं खाणं राहतं, कारण उडणारे किडे अंधार पडताना आणि पहाटे सगळ्यात जास्त असतात आणि तेवढ्याच वेळात त्याला पोट भरायचं असतं. दिवसा रातवा पायाजवळून उडाला आणि थोड्या अंतरावर जाऊन पंख पसरून लंगडल्यासारखा करायला लागला तर जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत. जिथे उभे असाल तिथेच थांबा, पायाखाली बघा, आणि आलेल्या पावलांनी मागे या. फोटोसाठी अंडी शोधत फिरू नका, ती मातीत दिसत नाहीत आणि पायाखाली येतात. टॉर्चही एका पक्ष्यावर मिनिटभर धरून ठेवू नका, दोन फोटो घ्या आणि उजेड बाजूला करा.

राहिला मेलेला पक्षी. हो, त्याच्यावरून सगळं कळलं असतं, इतकं जिवंत पक्ष्यावरून कधीच कळत नाही. पुन्हा असा सापडला तर आधी गाडी बाजूला घ्या, मग पक्षी काडीने किंवा हातमोज्याने रस्त्याच्या कडेला घ्या, म्हणजे त्याला खायला येणारा कोल्हा किंवा मांजर गाडीखाली यायचं नाही. मग चार फोटो काढा, शेपटी पंख्यासारखी उघडून वरून आणि खालून, एक पंख पूर्ण ताणून, आणि पाठ-खांदे-माथा एका फ्रेममध्ये. शेजारी मापाला पेन ठेवा, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंदाज येतो, २४ आणि ३० सेंटिमीटरमधला फरक पेनाशेजारी लगेच कळतो. पांढरं किती पिसांवर आहे ते बोटाने मोजा, बाहेरून आत. पक्षी किंवा पिसं घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते अडचणीचं ठरू शकतं, फोटो पुरतात. जागा आणि तारीख लिहून ठेवा, कारण एकाच वळणावर पुन्हा पुन्हा रातवे मरत असतील तर तिथे वेग कमी करायची पाटी लावायला सांगण्यासाठी वनखात्याकडे अशाच नोंदी घेऊन जावं लागतं. आणि रात्री अशा रस्त्यावरून जाताना पुढे दोन लाल ठिपके दिसले की हेडलाइट लो बीमवर घ्या आणि वेग कमी करा, उजेडाने दिपलेला रातवा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. तरी नाही उठला तर थांबून दिवे काही सेकंद बंद करा, बहुतेक वेळा तो उडून जातो.